पुनो : तळ्याकाठचं, दोन वाढदिवसांचं शहर

पावा

नमस्कार मंडळी,

पेरूच्या प्रवासवर्णनांत पुनोचं नाव आलंच तर एका ओळीत येतं. रात्री पुनोला मुक्काम, सकाळी तरंगती बेटं, दुपारची बस धरून पुढे. मी २०२० च्या जानेवारीअखेर तिथे गेले ती नऊ दिवस राहिले. गेले होते फुंकवाद्यांच्या ओढीने (नावावरून कळलंच असेल), पण परत आल्यापासून त्या शहराबद्दल वाचणं थांबलेलं नाही. जमेल तसं इथे लिहिते. तुमच्याकडे असेल त्याची भर घाला.

आधी जागा. तितिकाका तळं समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटरवर आहे. तळं म्हणायचं, पण क्षेत्रफळ आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि खोली काही ठिकाणी २८० मीटर. पश्चिमेचा भाग पेरूचा, पूर्वेचा बोलिव्हियाचा. पेरूच्या बाजूला एका आत शिरलेल्या उपसागराच्या टोकाशी पुनो वसलंय. विटांची अर्धवट घरं टेकड्यांवर चढत गेलेली. पहिल्या नजरेत सुंदर वाटत नाही. पहिले दोन दिवस जिना चढतानाही छाती भरून येते.

शहराचे वाढदिवस दोन आहेत. नोव्हेंबरच्या ४ तारखेला १६६८ सालच्या स्पॅनिश स्थापनेचा दिवस, आणि लगेच ५ तारखेला मान्को कापाक आणि मामा ओक्ल्यो या पहिल्या इंका जोडप्याचा तळ्यातून बाहेर येण्याचा दिवस. ते दोघे तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या होडीतून काठाला लागतात आणि सगळं शहर बघायला लोटतं. एक तारीख दप्तरातली, एक दंतकथेतली. दोन्ही साजऱ्या होतात.

दप्तरातली गोष्ट रक्ताची आहे. १६५७ च्या सुमाराला पुनोजवळ लायकाकोता इथे चांदीची खाण लागली. तिचे मालक सालसेदो बंधू. त्यांच्यातल्या एकावर जीव जडलेल्या एका स्थानिक मुलीने जागा दाखवली, अशी कथा सांगतात. खाणीभोवती भरभराटीचं गाव उभं राहिलं आणि त्याबरोबर टोळीयुद्धं. शेवटी लिमाहून व्हाइसरॉय, म्हणजे लेमोसचा काउंट, स्वतः फौज घेऊन आला. खाणीचं गाव जमीनदोस्त केलं, होसे सालसेदोला देहदंड दिला, आणि लोकांना हलवून शेजारच्या पुनोला शहराचा दर्जा दिला. नाव दिलं राजा दुसऱ्या कार्लोसवरून, सान कार्लोस दे पुनो. एक तपशील मला फार आवडला: व्हाइसरॉय इकडे गुंतलेला असताना लिमाचा कारभार त्याची बायको आना दे बोर्खा हिने पाहिला. अधिकृतपणे, नेमणूक करून.

खाण पुढे बुडाली, शहर राहिलं. १७७६ मध्ये हा सगळा मुलूख ब्युनोस आयर्सच्या व्हाइसरॉयकडे गेला आणि १७९६ मध्ये पुनो परत लिमाकडे आलं. वीस वर्षं कुठल्या कुठल्या शहरातून आज्ञा येत होत्या बघा.

आता ज्यासाठी गेले होते ते. २ फेब्रुवारीला व्हर्जिन दे ला कांदेलारिया, म्हणजे मेणबत्त्यांच्या मेरीचा उत्सव. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. उत्सवाचे दोन तोंडवळे आहेत. आधी गावोगावची मंडळी स्वतःच्या लोकरीच्या कपड्यांत, स्वतःच्या बासऱ्या-ढोलांसह येतात. पेरणी, लामांचे कळप, लग्न, युद्ध, सगळं नाचात. नंतरच्या आठवड्यात 'त्राखेस दे लुसेस', झगमगत्या पोशाखांची पथकं: शिंगांच्या मुखवट्यांची दियाब्लादा, जड झुलत्या पोशाखांची मोरेनादा, बुटांना घुंगरं बांधलेले कापोरालेस. मागे पितळी बँड. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर उभं राहिल्यावर ढोल छातीत वाजतो, तसाच इथे ट्रॉम्बोन वाजतो.

पण मला धरून ठेवलं ते सिकूने. सिकू म्हणजे नळ्यांची जुळवलेली बासरी. ती एकट्याने वाजवता येत नाही. स्वर दोन भागांत वाटलेले असतात: 'इरा' बहुतेक सहा नळ्यांची, 'आर्का' सात नळ्यांची. सप्तकातला एक स्वर हिच्याकडे, पुढचा तिच्याकडे. सुरावट एकच, पण ती दोन माणसांत एकाआड एक फिरते. समोरच्याने आपला स्वर टाकला नाही तर गाण्याला तिथे भोक पडतं. असे पन्नास-साठ वादक वर्तुळात, मधे ढोल. त्या उंचीवर एका दमात लांब सुरावट फुंकणं मला तरी अशक्य होतं. जोडीने वाजवताना प्रत्येक स्वरानंतर श्वास घ्यायला जागा मिळते. पुनोच्या मान्यासो वस्तीचं सिकू पथक १८९२ पासूनचं आहे. ही खाटकांची वस्ती, आणि पथकाचा मान अजून पहिल्या रांगेतला.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १७८१ मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठा उठाव झाला, तेव्हा बंडखोरांनी पुनोला वेढा घातला. उत्तरेकडून केचुआ बोलणारे, उठावाचा नेता तुपाक आमारू याचे लोक, दक्षिणेकडून आयमारा बोलणारे. श्रद्धा अशी की लोकांनी मेरीची मिरवणूक काढली, तिचा उजेड बघून शत्रूला मदतीची फौज आल्यासारखं वाटलं आणि ते हटले. इतिहास सांगतो की वेढे परतवले तरी मे महिन्यात शहर रिकामं करावंच लागलं. आज त्याच मेरीपुढे नाचणारे बहुतेक जण वेढा घालणाऱ्यांचे वंशज. त्यांची मेरी त्यांच्यासाठी भूमातेपासून, पाचामामापासून वेगळी नाही. फेब्रुवारी म्हणजे बटाट्याला कोवळी कंदं धरण्याचे दिवस, ते तिच्यासमोर आणून ठेवतात. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांच्या देवतेला इतकं आपलंसं केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

थांबते. विचारा, भर घाला.

मृगजळ

सुंदर लिहिलंय. पण माझा अनुभव उलटा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. २०१८ मध्ये उरोसच्या तरंगत्या बेटांवर गेलो. होडी लागल्या लागल्या बायकांनी गाणं म्हटलं, एकाने लव्हाळ्याचं छोटं बेट करून दाखवलं, मग भरतकाम विकायला मांडलं, मग 'मर्सिडीज' म्हणून सजवलेल्या होडीत बसायचे वेगळे पैसे. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. मला वाईट वाटलं. त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. हे लोक अजून खरंच तिथे राहतात का?

पावा

@मृगजळ, तुम्हाला वाटलं ते मलाही पहिल्या फेरीत वाटलं होतं. दुसऱ्यांदा गेले ती मुक्कामाला, एका कुटुंबाकडे, तेव्हा थोडं उमगलं.

राहतात, हो. बेटाचा पाया म्हणजे 'खिली', तोतोराच्या मुळांचे तरंगणारे जाड ठोकळे. पावसाळ्यात पाणी वाढलं की ते सुटून वर येतात. ते करवतीने कापायचे, खुंट्या ठोकून दोराने एकमेकांना बांधायचे, वर लव्हाळ्याचे थर आडवे-उभे घालायचे, आणि सगळ्याला नांगर टाकायचा. नाही तर वाऱ्यानं बेट निघालं. खालचं कुजतं, म्हणून वर दर काही आठवड्यांनी नवा थर. पहाटे पाचला माझे यजमान होडी घेऊन तोतोरा कापायला गेले ते माझ्यासाठी नव्हे. त्यांच्या घरात पाणी यायला लागलं होतं. त्याच लव्हाळ्याचा पांढरा कोंभ ते सोलून खातात, मीही खाल्ला. काकडीसारखा लागतो.

ही बेटं पूर्वी बरीच आत होती. १९८६ मध्ये तळं विक्रमी चढलं, वादळांनी नासधूस झाली, आणि पुष्कळ कुटुंबांनी बेटं पुनोच्या जवळ आणली. पर्यटक जवळ आले ते त्यानंतर. उरू लोकांची स्वतःची भाषा इथे केव्हाच गेली, ते आता आयमारा बोलतात. शिवाय १९७८ पासून इथला तोतोरा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात येतो, त्यामुळे कोणी किती कापायचा यावरून ताण आहेच. वीस मिनिटांचा खेळ त्यांना आवडतो असं मला दिसलं नाही. पण मासे कमी झालेत, आणि भरतकाम विकून मुलगा पुनोच्या शाळेत जातो. तो खेळ नसता तर बेटंही उरली नसती असं मला वाटतं. तुमचं वाईट वाटणं खोटं नाही, एवढंच म्हणेन की ते अर्धंच दिसलेलं होतं.

भोंगा

धागा वाचून राहवलं नाही. मी जहाजाच्या इंजिनरूममधला माणूस, त्यामुळे पुनो म्हटलं की मला एकच नाव आठवतं, यावारी.

१८६१ मध्ये पेरू सरकारने तितिकाकासाठी दोन लोखंडी जहाजं इंग्लंडमध्ये मागवली. तिथपर्यंत ना नदी जाते, ना तेव्हा रेल्वे होती. म्हणून जहाजं सुट्ट्या भागांत बांधली, अट अशी की कुठलाही तुकडा एका खेचराला पेलेल इतकाच असावा. दोन्ही मिळून २,७६६ तुकडे. १८६२ मध्ये माल आरिका बंदरात उतरला, ताक्नापर्यंत रेल्वेने गेला, आणि पुढे खेचरं नि हमाल, अँडीज चढून. सहा महिन्यांत पोचवायचा करार होता, सहा वर्षं लागली. मधे भूकंप, लढाई, बंड. वाटेत टाकून दिलेले तुकडे शोधून आणावे लागले. पुनोच्या काठावर पुन्हा जोडणी करून १८७० च्या नाताळच्या दिवशी यावारी पाण्यात गेली. जोडीची यापुरा १८७३ मध्ये.

आता खरी मजा. त्या उंचीवर झाडं फारशी नाहीत, कोळसा नाही. बॉयलर चालायचा लामाच्या वाळलेल्या लेंड्यांवर! आपल्या गोवऱ्यांचीच गोष्ट, फक्त वाफेच्या जहाजात. इंधनाला जागा फार लागायची, म्हणून पुढे जहाज मधे कापून लांब केलं आणि १९१४ मध्ये स्वीडनचं बोलिंडर इंजिन बसवलं. चार सिलिंडरचं, सुरू करण्याआधी ब्लोलँपने सिलिंडरची डोकी तापवावी लागतात अशा जातीचं. १९८७ मध्ये एका इंग्रज बाईंनी, मेरिएल लार्कन यांनी, गंजत पडलेलं जहाज विकत घेऊन ते दुरुस्त करवलं. ते इंजिन चालू करून दाखवणाऱ्या कोणालाही माझा दंडवत.

१८७४ मध्ये आरेकिपाहून रेल्वे आली, ती ४,४७० मीटरची खिंड ओलांडून. मग रेल्वे-जहाज-रेल्वे अशी साखळी झाली आणि पुनो चक्क बंदर बनलं. समुद्रापासून इतक्या वर.

विणकाम_वेडी

@भोंगा, लेंड्यांवर चालणारं जहाज! नवऱ्याला वाचून दाखवलं.

पावाताई, ताकिले बेटावर पुरुष विणतात असं ऐकलंय. तुम्ही गेलात का? टाके कोणते, सुया कोणत्या, लोकर कशी, सगळं लिहा.

पावा

@विणकाम_वेडी, गेले होते. बोटीने तीनेक तास, आणि उतरल्यावर पाचशेच्या वर दगडी पायऱ्या. बेट केचुआ बोलणाऱ्यांचं. इथलं वस्त्रकाम युनेस्कोने २००५ मध्ये गौरवलं.

टोप्या, 'चुल्यो', पुरुष आणि मुलगेच विणतात. चालता चालता, गप्पा मारता मारता. लहान मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की सुया हातात. सुया अगदी बारीक, टाके इतके घट्ट की टोपीत पाणी राहील असं ते अभिमानाने सांगतात. टोपीवरून माणूस वाचता येतो: पूर्ण लाल नक्षीची असेल तर विवाहित, वरचा भाग पांढरा असेल तर अविवाहित. बायका जमिनीत खुंट्या रोवून केलेल्या आडव्या मागावर पट्टे विणतात. पायाचा माग स्पॅनिश लोकांबरोबर आला, तो पुरुष चालवतात. कामांची वाटणी आपल्या सवयीला उलट, पण तितकीच पक्की. रुंद कंबरपट्ट्यावर वर्षाचं चक्र विणलेलं असतं, कोणत्या महिन्यात पेरणी, कोणत्या महिन्यात सण. एका आजोबांनी बोट ठेवून एकेक खूण सांगितली. मला दोनच लक्षात राहिल्या याची हळहळ वाटते.

टाक्यांची नावं मला विचारू नका, मला शिवणाच्या सुईत दोराही ओवता येत नाही.

जुनी_पोथी

पुनोहून दक्षिणेला तळ्याकाठी हुली नावाचं गाव आहे. त्याचा आपल्याशी एक धागा जुळतो, म्हणून लिहितो.

१५७६ मध्ये हुली जेझुइट पाद्र्यांकडे आलं. तिथे लुदोविको बेर्तोनिओ नावाच्या इटालियन पाद्र्याने आयमारा भाषा शिकून तिचा मोठा शब्दकोश केला, १६१२ चा. मुखपृष्ठावर हुलीच्या जेझुइट घराचं नाव आहे. आता गोव्यातल्या साष्टीकडे वळा. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी-कोकणी शिकले, ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं. कोकणीचं व्याकरणही त्यांचंच. चार वर्षांच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन टोकांना, एकाच संघाची माणसं इथल्या भाषांपुढे विद्यार्थी होऊन बसली होती. हेतू धर्मांतराचा होता आणि त्याबरोबर जे मोडलं ते मोडलंच. तरी सतराव्या शतकातली आयमारा कशी होती हे आज आयमारा अभ्यासकांना बेर्तोनिओमुळेच कळतं. मला स्टीफन्स वाचताना नेहमी हाच पेच पडतो.

पावा

@जुनी_पोथी, हे मला माहीतच नव्हतं! हुलीत चार जुनी चर्चेस पाहिली, पण हा संबंध लक्षात आला नाही.

यावरून आठवलं: पुनोच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग १७५७ चा, सिमोन दे आस्तो या पाथरवटाने दगडात स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. आणि संतांच्या जोडीला कोरल्यात जलपऱ्या, चारांगो (लहान तंतुवाद्य) वाजवणाऱ्या. या भागात अशी समजूत आहे की नवं चारांगो रात्री झऱ्याकाठी ठेवलं की जलपरी येऊन ते सुरात लावून जाते. चर्चच्या दारावर ही बाई कशी आली? कोरणारे हात स्थानिक होते, दुसरं काय.

चुलीवरचं

बटाट्यांचं कोणीच बोललं नाही! बटाट्याची शेती पहिल्यांदा याच तळ्याच्या आसपासच्या दक्षिण पेरूत सुरू झाली असं मानतात. आपली उपासाची भाजी तिथली. आणि त्यांचं वाळवण आपल्यापेक्षा भारी आहे. आपण उन्हात वाळवतो, ते थंडीत. जूनमध्ये रात्री कडक दंव पडतं तेव्हा लहान बटाटे उघड्यावर पसरायचे. रात्री गोठतात, दिवसा उन्हात सैल पडतात, मग पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की काळा, हलका, दगडासारखा 'चुन्यो' तयार. वर्षानुवर्षं टिकतो. वाहत्या पाण्यात भिजवून पांढरा करतात तो 'तुन्ता'. स्पॅनिश काळात पोतोसीच्या चांदीच्या खाणकामगारांचं पोट यावरच भरायचं.

पावाताई, चव कशी?

पावा

@चुलीवरचं, पहिल्या घासाला ओल्या मातीचा वास. तिसऱ्या दिवशी मी मागून घेत होते. तुन्ता चीजबरोबर छान लागतो. आणि किनोआ शिजवून दूध-चीज घालून केलेलं 'पेस्के', ते थंडीत पोटाला फार बरं. राजगिऱ्याच्याच कुळातलं धान्य, त्यामुळे चव परकी वाटली नाही. ट्राउट मासा सगळीकडे मिळतो, पण तो विसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेला. त्याने आणि तसाच आणलेल्या पेखेर्रेई माशाने मूळचे मासे खूप मागे रेटले. बाजारात आज्या अजून छोटे काराची मासे विकतात, ते जरूर घ्या.

दक्षिणवारा

काही वर्षं लिमात कामाला होतो. दोन मुद्दे.

एक, दियाब्लादा कोणाची यावर बोलिव्हिया आणि पेरूत खरं भांडण आहे. २००९ मध्ये विश्वसुंदरी स्पर्धेत पेरूच्या मुलीने तो पोशाख घातला तेव्हा बोलिव्हियाने अधिकृत निषेध केला होता. बोलिव्हियातल्या ओरुरो शहराचा कार्निव्हल युनेस्कोकडे २००१ पासून आहे, पुनोचा नंतर आला. माझ्या मते या नाचाचं मोठेपण ओरुरोच्या खाणकामगारांचं आहे, ते मान्य करायला हवं.

दुसरा मुद्दा जड आहे. लिमात पुनोकडच्या माणसाच्या बोलण्याची नक्कल करून हसणारे लोक मी रोज पाहिले. १९८५ मध्ये कायद्याने पुनोला 'पेरूच्या लोककलेची राजधानी' केलं, म्हणजे नाचायला तुम्ही आमचे. ९ जानेवारी २०२३ ला शेजारच्या हुलियाकात निदर्शनांवर गोळीबार झाला, एका दिवसात किमान १७ नागरिक गेले. त्या फेब्रुवारीत कांदेलारियाची नृत्यस्पर्धा झाली नाही. शहर शोकात होतं. पुनोवर लिहिताना हे राहू नये.

पावा

@दक्षिणवारा, राहायला नकोच होतं. मी २०२० चं पुनो डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं, त्यामुळे सुटलं. धन्यवाद. २०२० मध्ये मी ज्या वर्तुळात उभी होते त्यातल्या एका वादकाला त्या २०२३ च्या फेब्रुवारीत निरोप पाठवला होता. उत्तर आलं: यंदा ढोल नाही.

दियाब्लादाबद्दल अर्धं मान्य. मुखवट्यांची ती घडण ओरुरोची, हो. पण वर लिहिल्याप्रमाणे या पठाराची मालकी वीस-वीस वर्षांनी बदलत होती, सीमा नंतर आली. आयमारा नातेवाईक आजही दोन्हीकडे आहेत, मुखवटे करणारे आणि बँडवालेही ये-जा करतात. युनेस्कोच्या यादीत मात्र दोन देशांच्या दोन नोंदी आहेत. नाचणाऱ्यांना तसं काही पडलेलं मला दिसलं नाही, त्यांना पडलेलं होतं ते पुढच्या वस्तीचं पथक आपल्याहून सरस निघू नये याचं.

आणि राजधानीच्या 'नाचायला तुम्ही आमचे' याला पुनोने फार आधी उत्तर दिलं होतं. १९२६ ते १९३० या काळात लेखक गामालिएल चुराता आणि मित्रांनी तिथून 'बोलेतीन तितिकाका' नावाचं छोटं नियतकालिक काढलं. काही पानांचंच, पण केचुआ-आयमारा जगण्यातून नवी कविता कशी निघेल याचा शोध त्यात होता. सगळ्या लॅटिन अमेरिकेतल्या मासिकांशी त्याची देवाणघेवाण होती. लिमाला न विचारता.

सूरपेटी

वाचनखूण साठवली. पावाताई, सिकू आणलीत का? मी हार्मोनियम शिकवते, पुण्यात. एकाआड एक स्वर दोघांत वाटणं हे ऐकून मुलांवर प्रयोग केला: दोघांना दोन पेट्या दिल्या, एकाने सा-ग-प-नी, दुसऱ्याने रे-म-ध वाजवायचे. पहिले दहा मिनिटं गोंधळ. मग एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले.

पावा

@सूरपेटी, आणली. जोडी घेतली होती मान्यासोत, बांबूची. इरा मी वाजवते. आर्का सहा वर्षं कपाटात पडून आहे, कारण एकटीने तिचं काय करणार. मीही पुण्यातच. शनिवारी संध्याकाळी मोकळ्या असाल तर घेऊन येते. ओठ कोरडे ठेवू नका, आणि नळीत वरून आडवं फुंकायचं, बाटलीत फुंकतो तसं.

सूरपेटी

शनिवारी या. सात नळ्या ना? मी जाड नळीच्या बाजूने सुरुवात करते.